बंद खिडकीमागचा वसंत

आमच्या घरी शिंकेला फार मान होता. कोणी बाहेर निघाले आणि मी शिंकलो, की आजी जाणाऱ्याला परत पाटावर बसवायची, हातावर गुळाचा खडा ठेवायची आणि मगच उंबरा ओलांडू द्यायची. अडचण एवढीच होती की मला एकटी शिंक कधी यायचीच नाही. सकाळी उठल्यावर ओळीने दहा-बारा शिंका हा माझा नित्यनेम होता. त्यापायी वडिलांची ऑफिसची बस इतक्या वेळा चुकली, की शेवटी माझ्या शिंका शकुनशास्त्रातून रीतसर वगळण्यात आल्या. पुढे वय वाढले, तशा शिंका कमी झाल्या आणि मीही त्या विसरलो.

त्यांची आठवण माझ्या मुलीने करून दिली. आठवीत गेल्यापासून तिचे नाक सतत चोंदलेले असे. सकाळी शिंकांची सर, डोळ्यांना खाज, रात्री तोंड उघडे ठेवून झोप, वर्गात पेंग. मी काय केले? मी तिला उपदेश केला. दुर्लक्ष केले की शिंका थांबतात, आम्ही नाही का मोठे झालो, परीक्षा आली की तुझे नाक बरोबर कसे वाहते, असे बरेच काही मी बोललो. घरातल्या इतर कुणापेक्षा मी जास्त बोललो, कारण हे दुखणे मला ठाऊक आहे असा माझा समज होता. अशी जवळजवळ चार वर्षे गेली.

मग एका पावसाळ्यात, घरी बसून, मार्सेल प्रूस्त या फ्रेंच कादंबरीकाराचे चरित्र वाचले. विसाव्या शतकातल्या थोर लेखकांत ज्याचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही, असा हा माणूस. सात भागांची त्याची महाकादंबरी मी पुरी वाचली आहे असे सांगितले तर ते खोटे ठरेल. पण त्याचे चरित्र वाचताना मी मधेच थांबलो. तिथे एक मुलगा होता, त्याचे नाक होते, आणि एक अतिशय हुशार, प्रेमळ बाप होता. त्या बापात मला माझा चेहरा दिसला.

कॉलरा अडवणारा बाप

मार्सेलचा जन्म १० जुलै १८७१ चा, पॅरिसच्या ओतय या भागातला. आई जान वेल ही सधन ज्यू घराण्यातली, पुष्कळ वाचलेली, विनोदाची उत्तम जाण असलेली. वडील आद्रियाँ प्रूस्त हे इलिए नावाच्या लहानशा गावातल्या किराणा दुकानदाराचे चिरंजीव. शिष्यवृत्तीच्या आणि कष्टांच्या बळावर ते पॅरिसमध्ये डॉक्टर झाले आणि पुढे वैद्यकीय महाविद्यालयात आरोग्यशास्त्राचे प्राध्यापक.

साथीचे रोग हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. कॉलरा युरोपात कोणत्या वाटेने शिरतो हे शोधण्यासाठी १८६९ साली ते रशियामार्गे थेट इराणपर्यंत गेले आणि तुर्कस्तानातून परतले. रोगाला सीमेवरच अडवायचे, बोटी आणि माणसे तपासल्यावाचून आत घ्यायची नाहीत, या धोरणाचा त्यांनी जन्मभर पुरस्कार केला. आपल्याशीही त्यांचा एक दूरचा संबंध आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग भडकला, तेव्हा युरोपची झोप उडाली आणि १८९७ मध्ये व्हेनिसला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. तिथे फ्रान्सतर्फे डॉ. प्रूस्त होते. परिषदेनंतर युरोपचे प्लेगपासून रक्षण कसे करावे यावर त्यांनी एक ग्रंथच लिहिला. मांडवीच्या चाळींतल्या उंदरांची काळजी पॅरिसमध्ये बसून वाहणारा असा हा माणूस.

पण त्यांच्या स्वतःच्या घरातला रोग कोणत्याही सीमेवरून आलेला नव्हता. १८८१ चा वसंत. मार्सेल नऊ वर्षांचा होता. बुआ द बुलोन्य या पॅरिसच्या प्रसिद्ध उपवनात कुटुंब स्नेह्यांबरोबर फिरायला गेले होते. लांबचा फेरफटका झाला, घरी परतायची वेळ झाली आणि मुलाचा श्वास अचानक कोंडला. तो इतका तडफडू लागला, की डॉक्टर बापासमोर मुलगा जातो की काय असा प्रसंग उभा राहिला. तो दम्याचा पहिला झटका. त्यानंतर दर वसंत ऋतूत शिंका, वाहणारे नाक, सुजलेले डोळे आणि त्यामागोमाग दमा, हे चक्र सुरू झाले ते आयुष्याच्या अखेरपर्यंत.

या दुखण्याला इंग्रजीत हे फीवर म्हणतात, म्हणजे वाळल्या गवताचा ताप. नाव दोन्हीकडून चुकीचे आहे. यात ताप नसतो आणि दोष वाळल्या गवताचा नसून फुलोऱ्यावर आलेल्या गवताच्या परागकणांचा असतो. आजचे डॉक्टर त्याला अ‍ॅलर्जिक ऱ्हायनायटिस म्हणतात.

मार्सेलवर आलेली खरी आपत्ती मात्र वेगळी होती. वडिलांचे गाव इलिए. ईस्टरच्या सुटीत सगळे तिथे आत्याकडे जात. तिथले काटेरी झुडपांचे पांढरे-गुलाबी फुलोरे, काकांची बाग, नदीकाठ यांचे त्या मुलाला वेड होते. नेमका तोच फुलांचा हंगाम त्याला वर्ज्य झाला आणि वसंतातले इलिए तुटले. पुढे त्याने ते गाव कोंब्रे या नावाने कादंबरीत असे काही उभे केले, की १९७१ साली, त्याच्या जन्मशताब्दीला, गावाने स्वतःचे नाव बदलून इलिए-कोंब्रे असे करून घेतले.

शंभरावर डागण्या

आता उपचारांकडे वळू. मार्सेल दोन वर्षांचा होता तेव्हाच, १८७३ साली, इंग्लंडात मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली नावाच्या डॉक्टराने हे दुखणे परागकणांमुळे होते हे सिद्ध करणारे पुस्तक छापले होते. त्याला स्वतःलाच हा त्रास होता. वेगवेगळ्या गवतांचे पराग त्याने स्वतःच्या नाकात घातले, डोळ्यांत घातले, हाताची कातडी खरवडून तिच्यावर लावले आणि काय होते ते टिपून ठेवले. काचेच्या चिकट पट्ट्या पतंगांना बांधून त्याने आकाशातले परागही मोजले. आज अ‍ॅलर्जी तपासायला हातावर जे टोचतात त्याचे मूळ या खरवडण्यात आहे. पण ब्लॅकली होमिओपाथ होता आणि त्याच्या पुस्तकाला म्हणावा तसा मान मिळाला नाही.

मान मिळाला तो दुसऱ्याच विचाराला. न्यूयॉर्कचे डॉ. जॉर्ज बिअर्ड यांनी १८७६ मध्ये हा मज्जातंतूंचा विकार ठरवला. सुशिक्षित, हळव्या, मेंदूने काम करणाऱ्या शहरी माणसांचा हा रोग, असे मत पसरले. १८८६ मध्ये बाल्टिमोरच्या डॉ. मॅकेंझी यांनी एक गमतीदार प्रयोग प्रसिद्ध केला. गुलाबाच्या वासाने शिंकणाऱ्या एका रुग्ण स्त्रीपुढे त्यांनी हुबेहूब खऱ्यासारखा कागदी गुलाब धरला, आणि बाई खरोखरच शिंकू लागल्या! झाले, रोग मनाचा आहे असे म्हणणाऱ्यांच्या हाती कोलीत मिळाले. मनाचा परिणाम शरीरावर होतो हे त्यातून दिसले, पण परागकण निर्दोष आहेत हे काही सिद्ध झाले नाही. एवढा फरक कोण करतो?

जर्मनीत डॉ. विल्हेल्म हाक यांचे म्हणणे असे, की नाकाच्या आतल्या उंचवट्यांवर रक्ताने फुगणारा जो मऊ थर असतो, तो चेतवला गेला की दमा, डोकेदुखी, शिंका असे सगळे सुरू होते. तेव्हा तो थरच जाळून टाकावा. ही लाट युरोपभर पसरली. कुमार वयातून तरुणपणी आलेल्या मार्सेलचे नाक याच लाटेत सापडले. विजेने तापवलेल्या तारेने नाकाच्या आत डागण्या देण्यात आल्या. शंभरावर डागण्या झाल्या, असे त्यानेच पुढे सांगितले. त्या पुऱ्या झाल्यावर डॉक्टरांनी खुशाल खेड्यावर जा, आता परागकण तुझे काही बिघडवू शकत नाहीत, असा निर्वाळा दिला. तो मोठ्या आशेने गेला. तिथे फुललेल्या झाडांजवळ पोचताच असा झटका आला, की हातपाय निळे पडले आणि त्याला परत आणावे लागले.

आपल्याकडे पोटदुखीवर मुलांच्या पोटाला बिब्ब्याने डाग देत. मार्सेलच्या डागण्या महागड्या होत्या आणि पदवीधरांनी दिलेल्या होत्या, इतकाच काय तो फरक.

बापाचे काय चालले होते? आद्रियाँ प्रूस्त निष्ठुर नव्हते. मुलाच्या दुखण्याने ते हवालदिल झालेले होते. पण ते आपल्या काळाचे डॉक्टर होते. १८९६ मध्ये त्यांच्या एका सहकाऱ्याने दम्याच्या रुग्णांनी कसे राहावे यावर पुस्तक लिहिले, त्याला प्रस्तावना डॉ. प्रूस्त यांची होती. दुसऱ्याच वर्षी त्यांनी स्वतः एका सहलेखकाबरोबर दुबळ्या मज्जातंतूंच्या रुग्णांच्या दिनचर्येवर पुस्तक काढले. नियमित झोप, नियमित जेवण, मोकळी हवा, व्यायाम आणि इच्छाशक्ती हा त्यांचा मंत्र होता. दुपारी उठणारा, खिडक्या बंद ठेवणारा, नोकरीचे नाव न घेणारा आपला थोरला मुलगा इच्छाशक्तीत कमी पडतो, असे त्यांना मनापासून वाटत होते. धाकटा रोबेर तसा नव्हता. तो धडधाकट होता आणि बापासारखा डॉक्टर झाला.

मोकळी हवा! परागकणांनी भरलेल्या मे महिन्यातली मोकळी हवा त्या मुलाला औषध म्हणून सुचवली जात होती. हे वाचताना मला माझेच वाक्य आठवले. मुलीला मी रोज पहाटे टेकडीवर पळायला जायला सांगत असे.

धोत्र्याचा धूर

१९०३ च्या नोव्हेंबरात वडील अचानक गेले आणि १९०५ च्या सप्टेंबरात आई गेली. आईच्या जाण्याने मार्सेल पार कोसळला. चौतीस वर्षांचा हा माणूस त्या डिसेंबरात मज्जाविकारांच्या एका चिकित्सालयात जाऊन सहा आठवडे राहिला आणि होता तसाच परत आला. १९०६ च्या अखेरीस तो बुलेव्हार ओस्मानवरच्या १०२ क्रमांकाच्या घरात राहायला गेला. तिथून पुढे साहित्याच्या इतिहासातली सर्वात प्रसिद्ध झोपायची खोली सुरू होते.

रस्त्याचा आवाज आत येऊ नये म्हणून १९१० मध्ये भिंतींना बुचाच्या लाकडाचे तक्ते ठोकले. खिडक्या बंद, जाड पडदे ओढलेले. रस्त्यावरच्या झाडांचे पराग येतील म्हणून दिवसा तावदान उघडायचे नाही. फुले आणायची नाहीत. भेटायला येणाऱ्या स्त्रियांनी अत्तर लावायचे नाही. काडीच्या गंधकाचा वास सोसत नाही म्हणून काडी खोलीत ओढायची नाही. तो दिवसा झोपे, रात्री लिही. झोपेसाठी व्हेरोनाल, जागे राहण्यासाठी कॅफिन, असे एकाचे दुसऱ्यावर ओझे वाढत गेले.

उठल्याबरोबर पहिले काम म्हणजे धुरी. एका बशीत पूड पेटवायची आणि खोली धुराने भरून टाकायची. तिच्या जोडीला औषधी सिगारेटी. यांतले मुख्य द्रव्य कोणते? धोत्रा आणि त्याच्या जातीच्या वनस्पती! आपल्या महादेवाला वाहतात तो धोत्रा. दम्याला धोत्र्याचा धूर ओढण्याची रीत हिंदुस्थानात जुनी. मद्रासेतल्या एका इंग्रज डॉक्टराकडून ती समजलेल्या एका सेनाधिकाऱ्याने १८०२ च्या सुमारास ती इंग्लंडात नेली आणि तिथून ती युरोपभर झाली. धोत्र्यातल्या द्रव्याने श्वासनलिका सैल होतात हे खरे. त्याच गुणाचे, पण शुद्ध केलेले आणि मोजून घेता येणारे औषध आज दम्याच्या पंपातून देतात. मात्र कच्चा धोत्रा हे विष आहे. त्याचा धूर कोणी घरी करून पाहू नये. शिवाय धुराने आधीच सुजलेले नाक आणि छाती आणखी चेतवली जाते. मार्सेल रोगाच्या आगीत रोज थोडे सरपण घालत होता.

त्याला खरा उतार पडला तो एकाच ठिकाणी. १९०७ ते १९१४ या वर्षांत दर उन्हाळ्यात तो नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरच्या काबूर या गावी एका मोठ्या हॉटेलात राहायला जाई. तिथे तो हिंडे, मोटारीतून चर्चे पाहत फिरे. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात पराग कमी असतात. हीच गोष्ट कितीतरी वर्षे आधी इंग्लंडच्या डॉ. जॉन बॉस्टॉक यांच्या लक्षात आली होती. या रोगाचे पहिले नीट वर्णन १८१९ साली त्यांनीच केले, आणि तेही स्वतःच्या नाकाचे. रक्त काढणे, जुलाब, अफू, पारा, थंड पाण्याची आंघोळ असे सगळे भोगून झाल्यावर त्यांना समुद्रकाठच्या कड्यावरच्या घरात बरे वाटले होते.

फुलांचे वेड मात्र मार्सेलला सुटले नाही. बहराच्या दिवसांत तो बंद मोटारीत बसे, काचा घट्ट लावून घेई आणि फुललेली झाडे काचेतून डोळे भरून पाहून परत येई. ज्याच्या पुस्तकात फुलांची अशी वर्णने आहेत की वाचताना वास यावा, त्याने ती फुले शेवटची कित्येक वर्षे काचेपलीकडूनच पाहिली. इलिएतली वाट त्याला पुन्हा चालता आली नाही, म्हणून ती त्याला आठवावी लागली. दुखण्याने त्याला लेखक केले असे मी म्हणणार नाही. दुखणे कोणाला काही देत नाही. त्याने ते सोसून लिहिले, एवढेच खरे.

किल्ली गावातच होती

आता सर्वात चुटपुट लावणारी गोष्ट सांगतो. या रोगाचे कोडे उलगडत होते ते त्याच्याच आयुष्यात, काही अंशी त्याच्याच गावात. पॅरिसचे शार्ल रिशे आणि त्यांचे सहकारी पोर्तिए यांनी १९०२ मध्ये दाखवून दिले, की शरीराची संरक्षणव्यवस्था काही वेळा रक्षण करायच्या ऐवजी शरीरावरच उलटते. कुत्र्याला एका सागरी प्राण्याच्या विषाचा छोटा डोस दिला आणि काही आठवड्यांनी त्याहूनही छोटा दिला, तर तो दुसऱ्या डोसाने मरतो. व्हिएन्नाच्या फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये अशा बदललेल्या प्रतिक्रियेला अ‍ॅलर्जी हे नाव दिले. १९११ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात लेनर्ड नून यांनी गवताच्या परागांचा अर्क अगदी थोड्या मात्रेपासून वाढवत नेत टोचला आणि रुग्णांची सहनशक्ती वाढते हे दाखवले. पुढे दोनच वर्षांत नून क्षयाने गेले आणि काम त्यांचे सहकारी जॉन फ्रीमन यांनी चालवले. रिशे यांना १९१३ मध्ये नोबेल मिळाले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात प्रूस्तच्या कादंबरीचा पहिला भाग निघाला. प्रकाशकांनी नाकारलेला तो भाग त्याने पदरचे पैसे घालून छापून घेतला होता.

या नव्या ज्ञानाचा त्याला काही उपयोग झाला नाही. मज्जातंतूंचा रोगी हा शिक्का बसलेला होता, आणि डॉक्टरांवरचा त्याचा विश्वासही उडालेला होता. कादंबरीत त्याने याचा हिशेब चुकता केला आहे. तिथली आजी आजारी पडते. एक विद्वान डॉक्टर येतो, तिचा सगळा त्रास मज्जातंतूंचा ठरवतो आणि तिला मोकळ्या हवेत फिरायला पाठवतो. आजी बागेत जाते आणि तिथेच तिला अर्धांगाचा झटका येतो. तिची मूत्रपिंडे निकामी होत आलेली होती, ते त्याने पाहिलेच नव्हते. डॉक्टराच्या मुलाने हे लिहावे, याला काही अर्थ आहे.

१९१९ मध्ये त्याला गोंकूर हा फ्रान्सचा मानाचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी इमारत विकली गेल्याने बुचाची खोली सोडावी लागली. १९२२ च्या शरदात सर्दी झाली, ती छातीत उतरली आणि न्यूमोनिया झाला. डॉक्टर असलेला भाऊ रोबेर रुग्णालयात चल म्हणून विनवत होता, पण त्याने ऐकले नाही. १९१४ पासून सोबत असलेली सेलेस्त आल्बारे ही विश्वासू सेविका तेवढी त्याला जवळ हवी होती. आदल्या रात्रीपर्यंत तो तिला मजकूर सांगत होता. १८ नोव्हेंबर १९२२ रोजी, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी तो गेला. उरलेले भाग भावाने इतरांच्या मदतीने छापून घेतले. शेवटचा भाग १९२७ मध्ये निघाला.

आणखी दहा वर्षांनी, १९३७ मध्ये, पॅरिसच्याच पाश्चर संस्थेत दानिएल बोव्हे आणि आन-मारी स्ताउब यांनी हिस्टामिनला अडवणारे पहिले द्रव्य शोधले. १९४२ मध्ये त्या जातीचे पहिले औषध फ्रान्समध्येच रुग्णांना मिळाले. बोव्हे यांना १९५७ मध्ये नोबेल मिळाले. पुढे १९६४ च्या सुमारास नेदरलँडमधल्या लायडनला फोरहॉर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की घरातल्या धुळीचा त्रास मुख्यतः तिच्यात राहणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या माइट नावाच्या किड्यांमुळे होतो. हे किडे गाद्या, उशा, जाड पडदे, सतरंज्या अशा उबदार, दमट, उन्हापासून दूर असलेल्या जागी माजतात. आता ती बुचाची खोली पुन्हा डोळ्यांपुढे आणा. प्रूस्तला या किड्यांची अ‍ॅलर्जी होती की नाही हे आज सांगता येणार नाही, पण आजच्या डॉक्टराने त्या खोलीत पाऊल टाकताच पहिला संशय तोच घेतला असता. पराग बाहेर ठेवण्यासाठी त्याने दार लावले आणि कदाचित दुसऱ्या शत्रूला आत कोंडून घेतले.

आज काय करता येते

चरित्र वाचून झाल्यावर मी मुलीला तज्ज्ञाकडे घेऊन गेलो. त्यांनी आधी तिलाच विचारले, मला नाही. हातावर थेंब ठेवून टोचण्या केल्या. पंधरा-वीस मिनिटांत धुळीतल्या माइटची गांध टरारून फुगली. गाजरगवताचीही थोडी उठली. हे गाजरगवत १९५० च्या दशकात आपल्याकडे प्रथम नोंदले गेले ते पुण्यातच, आणि पुढे त्याने सारा देश व्यापला. ती गांध पाहून माझी मान खाली गेली. चार वर्षांच्या माझ्या उपदेशाला ते दोन इंचांवरचे उत्तर होते.

डॉक्टरांनी जे समजावले ते थोडक्यात सांगतो, कारण असे नाक घरोघरी आहे. पहिली पायरी टाळण्याची. चादरी-अभ्रे दर आठवड्याला कढत पाण्यात धुणे, गाद्यांना कडक ऊन दाखवणे, झोपायच्या खोलीतून गालिचे आणि जाड पडदे काढणे. याने मदत होते, पण एवढ्याने भागतेच असे नाही. मिठाच्या पाण्याने नाक धुणे उपयोगी पडते. आपली जलनेती ती हीच. फक्त पाणी उकळून कोमट केलेले हवे.

औषधांत हिस्टामिनविरोधी गोळ्या शिंका, खाज, पाणी यांवर चांगल्या. जुन्या गोळ्यांनी झोप येते, म्हणून अभ्यास करणाऱ्या मुलांना आणि वाहन चालवणाऱ्यांना नव्या पिढीतल्या गोळ्या बऱ्या. चोंदलेल्या नाकावर सर्वात परिणामकारक ठरतो तो नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा. हा शब्द ऐकताच आम्ही दोघे दचकलो. पण पोटातून घ्यायच्या स्टेरॉइडपेक्षा ही मात्रा फारच थोडी असते आणि मुख्यतः नाकातच काम करते. अट अशी, की तो रोज मारायचा, मान थोडी खाली घालून, नाकाच्या मधल्या पडद्याकडे न रोखता बाहेरच्या बाजूला. पूर्ण गुण यायला काही दिवस, कधी दोन आठवडे लागतात. एकदा मारून गुण नाही म्हणून टाकून देणारेच फार. मुलांच्या बाबतीत कमीत कमी मात्रा ठेवून उंचीवर लक्ष ठेवतात.

नाक चटकन मोकळे करणारे थेंब दुकानात सहज मिळतात, पण चार-पाच दिवसांपलीकडे घातले तर नाक त्यांचे गुलाम होते आणि उलट जास्त चोंदते. याने कित्येकांच्या अक्षरशः नाकी नऊ आलेले आहेत. हंगाम आला की एकदम मोठ्या स्टेरॉइडचे इंजेक्शन घेऊन मोकळे होण्याची सवयही धोक्याची. नाकातल्या वाढलेल्या मांसावर शस्त्रक्रिया आजही करतात, पण ती हवेची वाट रुंद करण्यासाठी. अ‍ॅलर्जी तिने जात नाही. एवढे डॉ. हाक यांना कोणीतरी वेळीच सांगायला हवे होते.

एवढे करून भागले नाही, किंवा मूळ खोडच कमी करायची असली, तर नून यांची वाट आहे. इम्युनोथेरपी, म्हणजे ज्याची अ‍ॅलर्जी त्याचाच अर्क वाढत्या मात्रेने देणे. तीन ते पाच वर्षे चिकाटी लागते. इंजेक्शन घेतल्यावर अर्धा तास दवाखान्यातच बसायचे, कारण क्वचित तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते. आता जिभेखाली विरघळवायचे प्रकारही आहेत. गवताच्या परागांवरच्या अशा गोळ्यांना अमेरिकेत २०१४ मध्ये मान्यता मिळाली. आणि हे सगळे कशासाठी करायचे? नाक आणि फुप्फुसे ही एकाच वाटेची दोन टोके आहेत. नाकाकडे दुर्लक्ष केले तर झोप आणि अभ्यास बिघडतो आणि दमा असेल तर तोही आटोक्यात राहत नाही.

माझ्या मुलीला फवारा आणि गोळी पुरली. तिसऱ्या आठवड्यात ती तोंड मिटून झोपलेली मी पाहिली. दारात बराच वेळ उभा होतो. सकाळी मी तिची माफी मागितली. तिला ते फारसे समजले नाही. तिला उशीर होत होता आणि तिची बस निघून जाणार होती.

डॉ. आद्रियाँ प्रूस्त यांना अशी सकाळ मिळाली नाही. इराणपर्यंत जाऊन कॉलऱ्याची वाट शोधणाऱ्या त्या माणसाला मुलाच्या खोलीपर्यंत जाणारी वाट सापडली नाही, आणि त्यात त्यांचा दोष फार थोडा होता. ते ज्ञान तेव्हा नव्हतेच. माझ्या वेळी ते होते आणि चार गल्ल्यांपलीकडे मिळत होते. ते आणायला मला चार वर्षे आणि एका मेलेल्या फ्रेंच लेखकाची मदत लागली.

परवा मुलगी मुलाखतीला निघाली आणि मी जोरात शिंकलो. ती उंबऱ्यावर थबकली. आत गेली, गुळाचा खडा घेतला, तोंडात टाकला आणि जाता जाता मला डॉक्टरांचा नंबर लिहून देऊन गेली.